गुडघ्यांचं निमित्त

सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल मी खोटं बोललो. गुडघे बरे होते. म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या बाईचे असावेत तितपत बरे होते. चूक व्हिसाची होती आणि ती मी केली होती. ती झाकायला काहीतरी हवं होतं, तेव्हा मला त्यांचे गुडघे सापडले. लिहायला बसलं की हे चार ओळींत संपतं. तोंडाने बोलायला मात्र मला स्पेनला जाऊन परत यावं लागलं.

आमच्या घरात कागदपत्रांचं खातं माझ्याकडे आहे. अमेरिकेत रेडमंडला आलो तेव्हाच्या पहिल्या वर्षांत, घरच्या लग्नाला भारतात जायचं म्हटलं तरी धास्ती वाटायची. पासपोर्टवर व्हिसाच्या स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट मिळेल का, इंटरव्ह्यूला कुठला कागद मागतील, परत येऊ देतील का. त्या भीतीतून मी सगळे नियम पाठ केले होते. मित्र फोन करून विचारायचे, आणि कुणी विचारलं नाही तरी मी सांगायचो. पुढे ग्रीन कार्ड आलं, मग मी आणि बायको सिटिझन झालो. मुलगी इथलीच. आता युरोपला जायचं तर तिकीट काढायचं आणि निघायचं. जुना पासपोर्ट निळा होता, नवाही निळाच आहे. ड्रॉवर उघडला की फरकसुद्धा दिसत नाही. मी स्वतः कधीकाळी कुठल्या रांगेत उभा होतो, ते मी इतक्या पटकन विसरेन असं मला वाटलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत स्पेनला जायचं ठरलं तेव्हा सासूबाई अजून नागपुरात होत्या. वसंतात त्या आमच्याकडे सहा महिन्यांसाठी यायच्या होत्या, त्यामुळे त्यांनाही बरोबर न्यायचं, हे बायकोने परस्पर ठरवून टाकलं होतं. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ती त्यांना फोटो दाखवत होती. बार्सिलोनाचे झाले, मग तारागोनाचे आले. भूमध्य समुद्राच्या अगदी काठावर रोमन लोकांनी वसवलेलं हे गाव. तिथे समुद्राच्या तोंडाशी त्यांचं दगडी पायऱ्यांचं गोल खुलं नाट्यगृह अजून आहे, गावाभोवती तट आहे. सासूबाई हे सगळं दुसऱ्यांच्या लग्नाचा अल्बम बघावा तसं बघत होत्या. "छान आहे गं, मोठंच आहे." मग एका फोटोवर एकदम ओरडल्या, "थांब! मागे घे. अगं बाप्पा, हा तर जलसेतू आहे!"

एकावर एक अशा कमानींच्या दोन ओळी, आणि वरून एका टेकडीवरून दुसरीकडे पाणी नेणारी दगडी पन्हळ.

सासूबाई पाटबंधारे खात्यात ट्रेसर होत्या. इंजिनिअरने पेन्सिलीत काढलेला नकाशा ट्रेसिंग कापडावर शाईने गिरवायचा, हे त्यांचं काम. कालव्याच्या वाटेत नाला आडवा आला की कालव्याला पुलावरून न्यावं लागतं, तो जलसेतू. नोकरीत त्यांनी असे कितीतरी जलसेतू गिरवले. प्रत्यक्ष एकही पाहिला नाही. ऑफिसातून जायचं कारण नसे, आणि सुट्टीच्या दिवशी कालवा बघायला कोण जातं? सासरे असताना एकदा दोघं स्कूटरवर निघाले होते म्हणे, पण वाटेत चाक पंक्चर झालं. मग झाडाखाली डबा खाऊन दोघं घरी परत आले.

"मी येणार," त्या म्हणाल्या. "मला तो वरून बघायचा आहे. पाणी वाहतं तो तळ."

"पाणी नाहीये हो आता त्यात," मी म्हणालो.

"नसू द्या. कोरडा असला तर उलट चांगलं, आतून दिसेल."

त्या आठवड्यात त्यांनी बर्डीच्या बाजारातून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले आणि रोज संध्याकाळी बागेत चालायला सुरुवात केली. साडीखाली ते बूट घालून काढलेला फोटो त्यांनी आम्हाला पाठवला. मग एक दिवस मला फोन आला. बायकोला नाही, मला.

"अहो, आमच्या समोरच्यांचा मुलगा म्हणतो की युरोपचा व्हिसा इथूनच काढून न्यावा लागतो. तिकडे गेल्यावर मिळत नाही म्हणे. मी काढून घेऊ का? तो बरोबर येतो म्हणतो."

मी हसलो. हे हसणं मला अजून ऐकू येतं. "आई, समोरच्यांच्या मुलाला काय माहीत? इथून सगळं होतं. तुम्ही फक्त या."

"नक्की नं?"

"अहो, अर्धं आयुष्य ह्याच कामात गेलंय माझं."

त्या आल्या. येताना बूट घालूनच आल्या. आमच्या घरामागच्या टेकडीला वळसा घालणारा रस्ता त्यांनी पहिल्याच आठवड्यात शोधून काढला, आणि पाऊस असो नसो, माझं जुनं जॅकेट चढवून त्या रोज निघायच्या. मीही तिकिटं काढली, तारागोनात घर बुक केलं आणि एका शनिवारी व्हिसाच्या अर्जाला बसलो. वेबसाइटवर पहिल्याच पानावर लिहिलं होतं की अर्जदार अमेरिकेत कायदेशीर राहणारा हवा. टुरिस्ट म्हणून आलेल्यांनी आपापल्या देशातून अर्ज करावा. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. सोमवारी फोन केला. पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं, त्या इथे फिरायला आल्या आहेत का? हो. मग नाही. मी आवाज चढवला. आम्ही सिटिझन आहोत, तिकिटं काढली आहेत, त्यांचा भारतातला पेन्शनचा कागदही आहे, असं बरंच काही बोललो. त्या बाईने ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाली, मग नाही.

ऑफिसात मी टेस्टिंगचं काम करतो. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि त्यांना सभ्य भाषेत कळवायच्या. चूक कबूल करायला टाळाटाळ करणारी माणसं मी रोज बघतो आणि मनातल्या मनात त्यांना नावं ठेवतो. त्या संध्याकाळी घरी जाऊन मला एकच वाक्य बोलायचं होतं. आई, समोरच्यांचा मुलगा बरोबर होता.

मी गॅरेजमधून आत आलो तेव्हा त्या नुकत्या चालून आल्या होत्या. जिन्याच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होत्या. सहज म्हणाल्या, "आज गुडघा जरा बोलतोय बाई."

"बोलतोय? केव्हापासून?" मी विचारलं. इतक्या काळजीने विचारलं की सिंकपाशी उभ्या असलेल्या बायकोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

पुढचे दोन दिवस मी ती काळजी वाढवत नेली. तारागोना टेकडीवर आहे. खरं होतं. जुन्या दगडी वाटा, चढउतार. तेही खरं. परदेशात काही झालं तर इन्शुरन्सची भानगड. एका डॉक्टर मित्राला विचारलं, तो म्हणाला, अशा वयात एवढं चालणं म्हणजे उगाच दुखणं ओढवून घ्यायचं. असा कुणी डॉक्टर मित्र नव्हता.

बायकोने विचारलं, "व्हिसाचं काय झालं?"

"व्हिसा काय, मिळेल. प्रश्न तो नाहीये." हे बोलताना मी डिशवॉशर लावत होतो, म्हणजे तिच्याकडे बघावं लागलं नाही.

सासूबाईंनी आधी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "रोज चालते आहे, तर मला वाटलं, झाले असतील तयार." आणि लगेच, "नाही बाप्पा, परक्या गावात तुमच्या गळ्यात पडून कसं चालेल?" बायको म्हणाली, मग आपण सगळंच कॅन्सल करू. त्यावर त्या चिडल्या. "पोरीची सुट्टी कशाला वाया घालवता? मी काय कुकुलं बाळ आहे? जा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी दारातल्या चपलांच्या कपाटात पांढरे बूट नव्हते. रेडमंडमध्ये वर्षभर ज्या उन्हाची वाट बघायची ते ऊन नेमकं त्याच आठवड्यात पडलं, आणि सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते बघायला लागल्या. दोन घरं सोडून पुण्याच्या एक काकू राहतात, त्यांनी आम्ही नसताना लक्ष ठेवायचं कबूल केलं. आम्ही गेलो.

त्या सहलीत मी इतकी चिडचिड करत होतो की मुलीने माझ्यापासून दहा पावलं पुढे चालायला सुरुवात केली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बॅगा मीच वर नेल्या. ऊन असं की दगडी भिंतीला हात लावला तर चटका बसावा. दुपारी दुकानं बंद, आणि संध्याकाळी लोक घराबाहेर पडले की सगळे एकाच रस्त्यावर. मुलगी प्रत्येक अवशेषापुढे उभी राहून विचारायची, "बाबा, इज धिस अल्सो अ वॉल?" बहुतेक वेळा ती भिंतच असायची.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते तिथल्या म्हाताऱ्यांनी. गावात जिकडे बघावं तिकडे म्हाताऱ्या. आमच्या सासूबाईंच्या वयाच्या, काही त्यांच्याहून मोठ्या. चाकांच्या पिशव्या ओढत, ब्रेडची लांब काठी काखेत धरून ज्या चढावर मी धापा टाकायचो त्याच चढावरून त्या खुशाल वर जायच्या. मध्ये थांबल्याच तर बोलायला थांबायच्या. प्रत्येक वळणावर बाक. बाकावर आणखी चार जणी. मी ज्या गावाचं वर्णन करून घरी एका बाईला खुर्चीत बसवून आलो होतो, ते हे गाव नव्हतं.

समुद्राकडे तोंड करून एक उंच सज्जा आहे. त्याच्या लोखंडी कठड्याला हात लावणं शुभ मानतात. मी लावला; कठडा तापलेला होता. खाली ते गोल नाट्यगृह, पायऱ्यांचे तुटलेले दगड आणि त्यामागे लगेच निळं पाणी. बायको गप्प उभी होती. सुंदर काही दिसलं की ती गप्प होते. मला तिच्या गप्प राहण्याचाही त्रास व्हायला लागला.

"काय झालंय तुला?" तिने विचारलं. "कोणाशी भांडायचंय?"

"उकडतंय."

तिने फोटो काढून आईला पाठवला. उत्तर लगेच आलं, तिकडे सकाळचा चहा चालू असणार. 'जलसेतू कधी?'

दुसऱ्या दिवशी दुपार उतरल्यावर आम्ही बसने जलसेतूकडे गेलो. बस मोठ्या रस्त्याला सोडते. तिथून पाइनच्या झाडांतून पायवाट जाते. मी मनात चढाची तयारी करत होतो, चढ असावा अशी माझी इच्छासुद्धा होती. वाट जवळजवळ सपाट होती. झाडी संपली आणि समोर तो उभा राहिला. तांबूस, पिवळट दगड, खालच्या कमानी, त्यांच्यावर वरच्या कमानी, आणि मधून दिसणारं आभाळ. मुलीने हातातला फोन खाली केला.

"एवढंच चालायचं होतं?" बायको म्हणाली.

एक आजी काठी झाडाला टेकवून, दगडावर बसून नातवाला संत्रं सोलून देत होती. बायको तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

पुलाच्या एका टोकाकडून वर जाता येतं. वर गेलं की आपण पाणी वाहायच्या पन्हळीतच उतरतो. दोन्ही बाजूंना छातीएवढ्या भिंती, मध्ये एक माणूस चालेल एवढी जागा. शेजारी शेजारी चालताच येत नाही. पुढे मुलगी, मग बायको, मग मी, माझ्यामागे एक जाडजूड जोडपं. आमच्या संसारातलं सगळ्यात मोठं भांडण असं एका ओळीत चालत, एकमेकांचं तोंड न बघता झालं.

"ऐक ना," बायको पुढे बघत म्हणाली, "परत गेल्यावर लगेच आईच्या व्हिसाची अपॉइंटमेंट घेऊन टाक. ती नागपूरला जायच्या आधी मी आणि ती चार दिवस येऊन जाऊ. तू नको येऊस, तुला उकडतं."

मी पायाखालच्या तळाकडे बघत चालत राहिलो.

"ऐकतोयस ना?"

"तिकडून होत नाही."

"काय होत नाही?"

"व्हिसा. टुरिस्ट म्हणून आलेल्यांना देत नाहीत. नागपूरहून निघायच्या आधी काढायला हवा होता."

ती थांबली. मी तिच्यावर आदळता आदळता राहिलो, मागचं जोडपं माझ्यावर. ते काहीतरी सौजन्याचं बोलले. बायको वळली नाही.

"हे तुला कधी कळलं?"

"एप्रिलमध्ये."

"गुडघ्याच्या आधी की नंतर?"

"आधी."

"म्हणजे तो डॉक्टर?"

पुढून मुलगी वळली. तिला मराठी बोलायचा कंटाळा येतो, पण कळतं सगळं. "वेट. बाबा, यू टोल्ड आजी इट वॉज हर नीज?"

"तू चाल पुढे," मी तिच्यावर ओरडलो. ती हलली नाही.

"तिने तुला फोन करून विचारलं होतं," बायको म्हणाली. आवाज अगदी खाली होता. "मला सांगितलं होतं तिने. म्हणाली, जावयांना विचारलंय, ते म्हणाले काळजी करू नका."

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजायला लागला. व्हिडिओ कॉल. तिने नाव बघितलं आणि खांद्यावरून हात मागे करून फोन माझ्याकडे दिला. "घे. तूच दाखव तिला."

"पोचलात नं?" सासूबाईंचा चेहरा पडद्यावर. "अगं बाई, तुम्ही आतच उभे आहात! आकाश काय दाखवता, खाली धरा. खाली, खाली. हां. हात लावून सांगा बरं, गिलावा आहे का नुसता दगड?"

मी गुडघ्यांवर बसलो आणि तळावर हात फिरवला. मागचं जोडपं थांबून बघत होतं. "खरबरीत आहे आई. गिलावाच असेल."

"उतार जाणवतो?"

"नाही जाणवत."

"तेच म्हणते मी, अगदी थोडा ठेवलेला असणार." त्या हसल्या. त्यांना इतकं हसताना मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. "आणि जागा केवढीशी! बरं झालं हो, मी आले नाही. माझ्यामागे सगळे अडकून पडले असते."

मी फोन तसाच धरून ठेवला. त्याच पुढे म्हणाल्या, "काकूंनी काल दुकानात नेलं होतं. काठी घेतली. हलकी आहे, चांगली आहे. आणि नागपूरला फोन करून सांगितलं, माझी खोली खाली घे म्हणून. सोमवारी मिस्त्री येतोय."

हे ऐकून बायको वळली.

नागपूरच्या घरात सासूबाईंची खोली वर आहे, गच्चीला लागून. त्यांची तुळस, जास्वंद, भाजीच्या कुंड्या, सकाळचा चहा, सगळं त्या गच्चीवर. सासरे गेल्यापासून मेव्हणा त्यांना खाली राहायला ये म्हणतो आहे, आणि त्या दरवेळी त्याला उडवून लावत आल्या होत्या. "माझे पाय आहेत तोवर मी वर," असं त्यांचं ठरलेलं उत्तर. खालच्या बैठकीत भिंत घालून खोली काढायची, आणि वरचा मजला भाड्याने द्यायचा, असं मेव्हण्याच्या मनात होतं. इतक्या वर्षांत त्याला जे जमलं नाही ते माझ्या नसलेल्या डॉक्टर मित्राने करून दाखवलं होतं.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "तू सांगायचंस. फोनवर नाही. फोनवर ती 'असू द्या, असू द्या' म्हणेल आणि ठेवून देईल. घरी जाऊन, समोर बसून. सोमवारच्या आत."

"तूही सांगू शकतेस ना. तुझी आई आहे."

हे मी खरंच म्हणालो. उरलेला पूल तिने भराभर चालून संपवला.

शनिवारी आम्ही परत आलो. दार सासूबाईंनीच उघडलं, डाव्या हातात काठी. आमच्यासाठी पिठलं-भात करून ठेवला होता. ओट्यापाशी दोन पावलं जायलाही त्या काठी शोधत होत्या, आणि ती कधी या हातात, कधी त्या हातात, जशी सापडेल तशी धरत होत्या. उठताना आधी टेबलाची कड पकडत. हे असं त्या आम्ही जायच्या आधी करत नव्हत्या. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि ताट घेऊन आपल्या खोलीत निघून गेली.

जेवताना मी सुरुवात केली. "आई, व्हिसाचे नियम म्हणजे इतके विचित्र असतात…"

"हो नं," त्या म्हणाल्या, "पिठलं वाढू?"

मी वाढून घेतलं. मग बॅगेतून त्यांच्यासाठी आणलेली जलसेतूच्या चित्राची फरशी काढून दिली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली, "कमानी बरोबर मोजून काढल्यात," म्हणाल्या, आणि खुश झाल्या. मला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, आत्ता खुश आहेत, कशाला. असा मी तो सगळा दिवस घालवला. प्रत्येक वेळी तोंड उघडायचो आणि काहीतरी विचारायचो. चहा घेणार का? गोळी घेतली का? शेवटी त्याच म्हणाल्या, "तुम्ही दमलात हो. जरा पडा."

रविवारी सकाळी नाश्त्याला मेव्हण्याचा फोन आला. सासूबाईंनी फोन टेबलावर उभा केला, पोह्यांच्या पातेल्याला टेकवून. "उद्या सकाळी मिस्त्री येतोय, आई. पलंग कुठल्या भिंतीला हवा? त्याप्रमाणे लाइटचं बटण काढायचं."

"खिडकीकडे नको, डास येतात," त्या म्हणाल्या. "आणि बटण खाली घे, हाताशी. उठायला आधार पण लाव एक. लोखंडाचा."

बायकोने ताटलीत चमचा ठेवला. मी उभा राहिलो. उभं राहायची काही गरज नव्हती.

"आई, मला तुमच्याशी बोलायचंय."

"जरा थांब रे, जावई काहीतरी म्हणतात," त्या फोनला म्हणाल्या. "ह्याला नंतर करू का?" त्यांनी मला विचारलं.

"नको. त्यालाही ऐकू दे."

मग मी सांगितलं. वेबसाइटचं, फोनवरच्या बाईचं, एप्रिल महिन्याचं. त्या पायरीवर बसून नाड्या सोडत होत्या तेव्हा मी काय केलं, ते. माझं इंग्रजी, मराठी सगळं एकमेकांत अडकत होतं, आणि मध्येच मी नियम समजावून सांगायला लागलो, तेव्हा बायको म्हणाली, "नियम नको."

"आणि डॉक्टर?" सासूबाईंनी विचारलं.

"नव्हताच कुणी."

"समोरच्यांचा मुलगा बरोबर होता तर."

"हो."

"मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं. बाकी कुणाला नाही विचारलं, तुम्हाला विचारलं. तुम्ही हसला होतात."

"हो आई."

पातेल्याला टेकवलेल्या फोनमधून मेव्हणा काहीतरी बोलायला गेला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. त्यांच्या तोंडावर राग होता. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. जावयावर रागवायचं नाही, असं त्यांनी लग्नाच्या दिवसापासून ठरवलेलं असावं.

"मी काढला असता व्हिसा," त्या म्हणाल्या. "तो पोरगा बरोबर यायला तयार होता. आणि नसता मिळाला, तर नसता मिळाला. सरकारी कामात असं होतं, मी काय नवीन आहे? व्हिसा चुकला म्हटलं असतंत तर मी तुम्हाला चिडवलं असतं चार दिवस, जावईबुवा नापास म्हणून. तेवढंच." त्या थांबल्या. काठी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती, ती त्यांनी काढून टेबलावर आडवी ठेवली, पोह्यांच्या शेजारी. "तुम्ही सांगितलंत म्हणून मी त्याच्याकडे लक्ष द्यायला लागले. गुडघ्याकडे. रोज बसून लक्ष द्यायचे. आणि मला खरंच दुखायला लागलं हो."

मुलगी जिन्यात उभी होती, किती वेळापासून कुणास ठाऊक.

मग सासूबाई फोनकडे वाकल्या. "ऐकलंस नं? मिस्त्रीला सांग, येऊ नको म्हणून."

"पण आई, आज ना उद्या…"

"उद्याचं उद्या बघू. माझी खोली वर आहे."

फोन बंद झाला. मी म्हणालो, "सॉरी, आई." आमच्या ऑफिसात हा शब्द दारातून आत येताना, लिफ्टमध्ये, मीटिंगला उशीर झाला की, दिवसभर म्हटला जातो. मी तो तसाच म्हणालो असणार. त्यांनी पोह्यांचं पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि नेहमीचं बोलल्या, "असू द्या, असू द्या. खा, गार होतायत."

बायको माझ्याकडे बघत होती. मी पातेलं घेतलं नाही.

"असू द्या म्हणू नका आई," मी म्हणालो. "तुमच्या पायांना काही झालेलं नव्हतं. तुम्ही मला विश्वासाने विचारलंत आणि मी न बघता उत्तर दिलं. मग माझी चूक मी तुमच्या अंगावर ढकलली, आणि तुम्ही ती खरी मानून काठी घेतलीत, खोली सोडायला निघालात. जलसेतू तर तुमचा गेलाच, पण हे त्याहून वाईट केलं मी. मी चुकलो. मला माफ करा."